मीटरपेटीतला राउटर

भंडाऱ्याजवळच्या कारध्यातल्या डोमा गणवीरने वीज कंपनीत छत्तीस वर्षं लाइनमन म्हणून काढली. एवढ्या वर्षांत आपल्याला सापडला नाही असा एकही फॉल्ट नाही, हे तो कोणी विचारलं नाही तरी सांगायचा. त्यात थोडी फेकाफेक होती, पण फार नव्हती. निवृत्तीनंतरही गावात कोणाचा पंखा अडकला, कोणाची मोटर गुरगुरली की तो पकड घेऊन निघायचा आणि काम करून, चहा पिऊन परत यायचा. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात एक फॉल्ट अडीच महिने ठाण मांडून बसला होता आणि काही केल्या हाती लागत नव्हता. गावाला हे माहीत नव्हतं, एवढंच काय ते बरं होतं.

फॉल्ट कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओ कॉलचा होता. त्याची एकुलती मुलगी तृप्ती पुण्यात एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात कामाला होती आणि दर रविवारी सकाळी अकराला कॉल करायची. पहिले दोन सेकंद ती पडद्यावर धडधाकट दिसायची. मग चित्र थिजायचं, मग त्याचे चौकोन चौकोन व्हायचे आणि सावरेपर्यंत पुन्हा थिजायचं. आवाज मात्र खणखणीत यायचा. हॉस्टेलच्या पंख्याचा, नळाखाली ठेवलेल्या बादलीचा, जिन्यात हसणाऱ्या पोरींचा.

दुसऱ्या घरात एवढ्यावर भागलं असतं. या घरात आवाजाचा काडीचा उपयोग नव्हता, कारण तृप्तीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची. नागपूरच्या शाळेत जे शिकली ते तिने सुट्टीत येऊन आईला शिकवलं, आणि जे शाळेत नव्हतं ते मायलेकींनी चुलीपाशी बसून स्वतःच तयार केलं. लीलाबाईचे हात भाकरी थापताना चालत त्याहून जलद लेकीशी बोलताना चालत. डोमाला मात्र चार-सहा खुणांपलीकडे काही जमलं नाही. जेव, चल, झोप, शाबास. पोरगी लहान होती तेव्हा तो खांबावर होता, आणि खांबावरून उतरला तेव्हा ती नोकरीला लागली होती. कॉलच्या वेळी तो लीलाबाईच्या मागे उभा राहायचा, शेवटी हात हलवायचा आणि तृप्तीही हात हलवायची. झालं त्याचं बोलणं.

कॉम्प्युटर घेतला तोही याचसाठी. लीलाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मोबाइलच्या पडद्यावर तिला लेकीची बोटं ओळखू यायची नाहीत आणि मेसेजची अक्षरं मुंग्यांसारखी दिसायची. म्हणून डोमाने भंडाऱ्याहून मोठ्या पडद्याचा जुना कॉम्प्युटर आणला, वर कॅमेरा बसवला, नेट घेतलं. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं.

मग सप्टेंबरात एका संध्याकाळी वीज कडाडली आणि राउटरचं अडाप्टर जळून काळं पडलं. डोमाला तो स्वतःचा अपमान वाटला. नवा राउटर आला तेव्हा त्याने तो आधीसारखा कपाटावर ठेवू दिला नाही. विजेची वस्तू उघड्यावर ठेवायची नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. त्याच्याकडे जुन्या मीटरची एक जाड पत्र्याची पेटी पडून होती. ती त्याने सपरीच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या भिंतीवर, घराच्या मीटरशेजारी ठोकली, तिला अर्थिंग दिलं, राउटर आत बसवला, झाकण लावलं आणि कुलूप घातलं. काम असं देखणं झालं होतं की येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते मुद्दाम दाखवायचा. दोन दिवसांनी रविवार आला आणि तृप्तीचे चौकोन व्हायला लागले.

आता सांगितलं म्हणजे कोणीही म्हणेल की हे तर उघडच आहे. पण डोमासाठी तार धडधाकट आणि दिवे हिरवे म्हणजे लाइन चालू. सिग्नल हवेतून चालतो आणि पत्र्यापाशी अडतो, हे त्याच्या छत्तीस वर्षांत कुठे बसत नव्हतं. त्याने नेटच्या तारेवर आलेल्या कडुनिंबाच्या फांद्या छाटल्या. अर्थिंगच्या खड्ड्यात नवं मीठ आणि कोळसा भरला. कॅमेरा बदलला, कॉम्प्युटर उघडून ब्रशने धूळ काढली. शेवटी नेटच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून एक बाई फार गोड बोलली.

"सर, तुम्ही व्हिडिओ बंद करून पाहा. आवाज अगदी क्लिअर येईल."

"आवाजाचं काय मी लोणचं घालू?" डोमा म्हणाला. "माही पोरगी हातानं बोलते, बाई."

"हाताने म्हणजे टाइप करून का, सर?"

डोमाने कपाळावर हात मारला. बाईने पुढचा प्रश्न विचारला, "राउटर मोकळ्या जागेत आहे ना, सर?"

"एकदम सेफ जागी हाय. त्याची तुमी फिकीर नोका करू," डोमा छाती फुगवून म्हणाला, आणि जे हाती येणार होतं तेही गेलं.

कॉल असे तुटायला लागले तशी तृप्ती डोमाच्या मोबाइलवर मेसेज लिहायला लागली. ते वाचून दाखवायचे आणि लीलाबाई सांगेल ते एका बोटाने टाइप करून पाठवायचं, हे काम डोमाकडे आलं. सुरुवातीला त्याला ते जिवावर आलं. पण आठवड्याभरात तो चार्जिंगला लावलेला फोन येताजाता पाहू लागला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा लेकीचं बोलणं आधी त्याच्यापाशी येत होतं. एकदा तिने लिहिलं, "बाबा, तुमची बीपीची गोळी घेतली का?" तो मेसेज त्याने तीनदा वाचला. त्याला मनापासून आनंद झाला, आणि फॉल्ट शोधण्याची त्याची घाई थोडी कमी झाली.

नोव्हेंबरात एका दुपारी मेसेज आला. "आईला विचारा. माझ्यासोबत कामाला संघपाल आहे. गोंदियाचा. त्यालाही ऐकू येत नाही. चांगला आहे. आम्ही लग्न करायचं म्हणतो. कॉलवर सांगणार होते, पण दिसत नाही. आधी आईला विचारा. आई काय म्हणते ते लिहा."

लीलाबाई आतल्या खोलीत लाखोरीची डाळ निवडत बसली होती. डोमा सपरीत फोन हातात घेऊन उभा राहिला. त्याला आधी आठवला तो ईश्वर, त्याचा कामावरचा जोडीदार. एका दुपारी डोमा खांबावर होता, लाइन बंद असल्याचं सांगितलेलं होतं आणि कोणीतरी चुकून ती चालू करायला निघालं. खालून ईश्वर बोंबलला, "डोमा, सोड!" डोमाने तार सोडली आणि म्हणून तो अजून जिवंत होता. माणूस कानाने वाचतो, हे त्या दिवसापासून त्याने गाठीला बांधलं होतं. तृप्तीच्या घरात निदान एक ऐकणारं माणूस पाहिजे, हे त्याने मनात कधीच ठरवून टाकलं होतं. दोघंही तसेच असले आणि गॅसचा भडका झाला तर कोणाला कळेल? लेकरू रडलं तर कोण उठेल?

ही भीती खोटी नव्हती. ती त्याने लीलाबाईला सांगितली असती, लेकीला लिहिली असती, तर त्याला कोणी नाव ठेवलं नसतं. पण त्याने बराच वेळ बोट फिरवून तीन शब्द लिहिले. "आई नको म्हणते." आणि पाठवून दिले. आईचं नाव घातलं कारण आईचं ती ऐकेल, बापाचं ऐकेलच याची त्याला खात्री नव्हती. लीलाबाई दुसरं काय म्हणणार, असंही त्याने स्वतःला समजावलं. ती बसली होती दहा पावलांवर. विचारायला आत मात्र गेला नाही.

तासाभराने उत्तर आलं. "ठीक आहे."

"काय लिहिते पोरगी?" आतून लीलाबाईने विचारलं.

"बरी हाय म्हनते."

त्या रविवारी अकराला कॉल आला आणि चित्र नेहमीसारखं थिजलं. लीलाबाई पडद्यासमोर, डोमा सपरीत. राउटरचे दिवे पाहावेत म्हणून त्याने कुलूप काढून पेटीचं झाकण उघडलं.

"आली!" आतून लीलाबाई ओरडली. "साफ दिसते वो!"

डोमा चमकला. त्याने झाकण लावलं.

"गेली."

उघडलं. "आली!" लावलं. "गेली." उभी हयात त्याने हेच केलं होतं. खांबावरून विचारायचं, आली का, आणि खालच्याने सांगायचं, आली. फॉल्ट त्याच्या हातातल्या झाकणात होता. त्याला जरा हसूही आलं. त्याने ते पुन्हा उघडलं आणि तेवढ्यात लीलाबाई म्हणाली, "हां, आता दिसते. काहीतरी विचारून राहिली. म्हनते, आई, तू काहून…"

डोमाने झाकण लावलं.

"गेली," लीलाबाई म्हणाली. "काय करून राहिले तुमी? चांगली दिसत होती."

"कंपनीचाच फॉल्ट हाय," डोमा सपरीतून म्हणाला. "वरूनच सिग्नल कमी येऊन राहिला. आपल्या हातात काही नाही." त्याने कुलूप दाबलं आणि चावी सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली. त्या दिवसापासून तो चोर झाला आणि त्याला ते माहीत होतं. जेवताना तो लीलाबाईच्या हातांकडे पाहायचा नाही.

पुढचे तीन रविवार तसेच गेले. लीलाबाई मात्र खुर्चीवरून उठायची नाही. चित्र थिजलं की त्या थिजलेल्या चित्राला ती डोळे बारीक करून पाहत बसायची. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "पोरगी रडून राहिली."

"तुले दिसत नाही नीट. कायच्या काय बोलते."

"हात नाही दिसत. डोरे दिसते. सुजले हायेत. लिहा बरं तिले, काय झालं म्हून."

डोमाने लिहिलं, "आई विचारते, काय झालं." हे वाक्य तरी खरं होतं. उत्तर दोन दिवसांनी आलं. "आता रविवारी कॉल करणार नाही. आईचे हात तुटलेले दिसतात. मला सहन होत नाही. आणि बोलण्यासारखं काही उरलं नाही. आईला सांगा, काळजी घे."

त्याने ते वाचून दाखवलं. शेवटून दुसरं वाक्य गाळलं, पण बाकीचं एवढं होतं की गाळून काही फरक पडला नाही. लीलाबाई ऐकत बसली. मग तिने माळ्यावरची बॅग काढायला सांगितली.

"कायले?"

"पुण्याले जाते. तिकीट काढा."

"एकटी? तुले खांबावरचा लाइट दिसत नाही, स्टेशन कसं दिसन?"

"तिचे हात दिसले म्हंजे झालं. माहे हात अथून पोचत नाहीत तं मी घेऊन जाते."

नागपूरपलीकडे कधी न गेलेली ही बाई चार दिवस तयारी करत होती. नवे पोहे, लाखोरीची डाळ, लेकीला आवडतात म्हणून वाळवलेले सांडगे. रविवारी संध्याकाळी वरठी स्टेशनाहून गाडी होती. सकाळी तिने बॅगेची चेन लावली, लुगडं नीट केलं, आणि अकराला दहा मिनिटं असताना सवयीने कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. कॉल येणार नाही हे तिला माहीत होतं. तरी बसली. हात मांडीवर, पडदा काळा.

डोमा दारात उभा होता. ती पुण्याला गेली की सगळं उघडं पडणार, हे तर होतंच; आठशे किलोमीटरवर, तो तोंड दाखवायलाही नसताना. पण त्या क्षणी त्याला आणखी काही दिसलं. ती काळ्या पडद्यासमोर बोटं हलवत होती, मांडीवरच, अगदी थोडी, जशी माणसं एकटी असताना ओठातल्या ओठात बोलतात. तो सपरीत गेला. आता हा चांगुलपणा होता की भेदरटपणा, हे त्याने स्वतःला विचारलं नाही, आणि आपणही त्याला विचारण्यात अर्थ नाही.

त्याने कुलूप काढलं, राउटर बाहेर काढला. मागे तारेचं भेंडोळं त्याने मुबलक सोडलेलं होतं. लाइनमन तारेत कधी कंजुषी करत नाही. ते ओढत तो मधल्या खोलीत आला, राउटर कॉम्प्युटरच्या बाजूला उघडा ठेवला, प्लग लावला. दिवे लागेपर्यंत त्याने मोबाइलवर लिहिलं, "फॉल्ट सापडला. एकदा कॉल कर. बाबा."

"काय झालं वो?" लीलाबाईने विचारलं.

"पेटी. पेटीच आडवी येत होती."

"पेटी?" ती म्हणाली. "मंग त्या दिवशी तुमाले…" आणि तेवढ्यात कॉल आला.

तृप्ती दिसली. वाळली होती. मागे हॉस्टेलची हिरवी भिंत, खिळ्याला टांगलेली ओढणी, सगळं स्पष्ट. तिने एक हात हळूच वर केला, चित्र थिजेल म्हणून वाट पाहिली. थिजलं नाही. मग दोघींचे हात एकदम सुटले. डोमाला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी तो पाहत राहिला. खोलीत बांगड्यांशिवाय आवाज नव्हता.

मग तृप्तीने काहीतरी विचारलं आणि लीलाबाईचे हात हवेतच थांबले. तिने उलट विचारलं. तृप्तीने पुन्हा सांगितलं, सावकाश. लीलाबाई वळली. तिने डोमाकडे पाहिलं, आणि मोतीबिंदूच्या त्या डोळ्यांना तो नीट दिसत नसावा अशी डोमाला आशा वाटली.

"मी कधी नाही म्हटली?" ती म्हणाली. "मले कोणी विचारलं कधी?"

डोमा म्हणाला, "मीच म्हटलो. तुह्या नावानं. दोघंही आयकू न येनारे, मले भेव वाटला, लीला."

पडद्यावर तृप्ती दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होती.

"मले कायले सांगता?" लीलाबाई म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. "तिले सांगा."

"तू सांग ना. तुले येते."

"तुमच्या तोंडचं मी नाही सांगत. एकदा झालं थे बस झालं. बसा इथं."

डोमा बसला. कॅमेऱ्यासमोर तो आजवर कधी बसलाच नव्हता. लेक एवढ्या जवळ, एवढी स्वच्छ, की तिच्या भुवईवरचा लहानपणीचा व्रणही दिसत होता. लाइनीत आता कसलाही दोष नव्हता. त्याने हात वर केले, आणि त्याच्या ध्यानात आलं की जेव, चल, झोप आणि शाबास सोडून त्याच्यापाशी शब्दच नाहीत.

"खोटं," तो मागे न पाहता म्हणाला. "खोटं कसं करतेत?"

लीलाबाईने त्याच्या खांद्यावरून हात पुढे करून दाखवलं. ओठांसमोर बोट आडवं धरायचं आणि बाजूला ओढायचं. डोमाने ते केलं. खांबावरच्या कामाने जाड झालेलं ते बोट ओठांना लागलं, वाकडं गेलं. तृप्तीने कपाळाला आठ्या घातल्या. त्याने पुन्हा केलं. खोटं.

तृप्ती समजली. तिचा चेहरा हलला नाही. तिने तळहात वर करून एक लहानशी खूण केली. ही खूण डोमाला ओळखू येत होती. लहान असताना दाराशी कोणी दिसलं की ती चुलीपासून धावत येऊन हेच विचारायची. कोण?

याचं उत्तर शिकवून घ्यावं लागत नव्हतं. डोमाने तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं आणि पडद्यासमोरून हलला नाही.